माजींची जिवाणी

आमच्या सेवा मंडळाची सभा कधीच झाली नाही. निजामाच्या मुलखात सभा घ्यायची तर तालुक्याहून परवानगी आणावी लागे आणि अर्जात सभेचा विषय लिहावा लागे. झाडलोटीला मात्र परवानगी लागत नसे. म्हणून कुंभार पिंपळगावात काही ठरवायचं असलं की आम्ही खराटे घेऊन बाजारतळावर जायचो आणि झाडता झाडता ठरवायचो. मतभेद झाले की बाजारतळ फार स्वच्छ होई.

आमचे अध्यक्ष काकासाहेब. त्यांच्या घरची जमीन मोठी होती आणि आवाज त्याहून मोठा. रखमाजी पैलवान होता. उचलणं, ओढणं, ढकलणं ही खाती त्याच्याकडे. जुगलकिशोर हा अमरचंद शेठचा मुलगा, दुकानात बसायचं टाळण्यासाठी कोणतीही सेवा करायला तयार असलेला. आणि मी, मच्छिंद्र, हैदराबादेहून विज्ञानाची पदवी घेऊन नुकताच परतलो होतो. माझं सगळं शास्त्र उर्दूतून झालेलं. त्यामुळे मी गावाला काही समजावू लागलो की पहिल्यांदा लोकांना वाटायचं मी कचेरीचा हुकूम वाचतोय, आणि ते उठून उभे राहायचे.

त्या वर्षी आम्ही नारूच्या मागे लागलो होतो.

नारू म्हणजे दोऱ्याएवढा जाड, हातभर लांब किडा. तो माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर निघतो. त्याला काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाई केली आणि तुटला तर पाय मडक्यासारखा सुजतो. फोडाची आग होते म्हणून माणूस पाय गार पाण्यात बुडवतो, आणि नेमका त्याच वेळी किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे जीव असतात, ते ही पिल्लं गिळतात. असं पाणी न गाळता कोणी प्यायलं की साधारण वर्षभरानं त्याच्या पायातून नवा नारू निघतो.

आमच्या गावाचं पिण्याचं पाणी बारवेचं. बारवेला थेट पाण्यापर्यंत पायऱ्या होत्या. बायका शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवायच्या. आणि आमचा रखमाजी, ज्याला दर उन्हाळ्यात नारू व्हायचा, तो रोज दुपारी त्याच पायरीवर पाय बुडवून बसायचा. मी त्याला सगळं चक्र समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बराबर हाय तुझं," आणि दुसराही पाय बुडवला.

आधी आम्ही घरोघर पाणी गाळायची फडकी वाटून पाहिली. थोड्याच दिवसांत त्यांची टोपडी होऊन ती लेकरांच्या डोक्यावर दिसायला लागली. कापड इतकं चांगलं निघालं होतं की ते पाण्यावर वाया घालवायला कोणाचंही मन होईना. गावात फक्त अमरचंद शेठच्या घरी पाणी गाळून प्यायचे, आणि त्या घरात कोणाला कधी नारू झाला नव्हता. गाव म्हणायचं, पैसेवाल्याला नारूसुद्धा भितो.

शेवटी बाजारतळ झाडता झाडता ठरलं: पायऱ्याच बंद करायच्या. वर काठावर लाकडी चाकं बसवायची, दोरानं पाणी ओढायचं, आणि शेवटच्या टप्प्यावर बाभळीच्या फांद्या रचायच्या. पाण्यात पायच जाणार नाही. बारव अमरचंद शेठच्या आजोबांनी बांधलेली होती, म्हणून त्यांची संमती आणायचं काम जुगलकिशोरकडे. ती त्यानं आणली. गावालाही आम्ही सांगितलं की काटे सगळ्यांना सारखे. पाटलाला वाट आणि कुणब्याला काटे असं होणार नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही चाकं बसवली, फांद्या रचल्या आणि रखमाजीनं स्वतःच्या हातानं स्वतःची पायरी बंद केली.

सकाळी बारवेवर पोचलो तर बायका काठावर घागरी घेऊन उभ्या होत्या. सगळ्यात पुढे झुंबरबाई. तिचा आवाज काकासाहेबांच्या आवाजाला पुरून उरणारा.

"काय रं काकासाहेब, आमाला शेरडं समजून राह्यला का? काटे लावून ठिवले!"

"झुंबरमावशी, हे सगळ्यांच्या भल्यासाठी आहे," काकासाहेब म्हणाले.

"भलं तुमचं, अन् दोर वढून हाताला फोड आमच्या!"

"सगळ्यांना सारखा नियम आहे. कोणीच खाली जाणार नाही."

"कोणीच?"

"कोणीच न्हाई!"

त्याच वेळी सुगनबाई आल्या. त्या जुगलकिशोरच्या आजी. सगळं गाव त्यांना माजी म्हणायचं. हातात छोटी पितळी लोटी, लोटीच्या तोंडावर ओलं फडकं बांधलेलं. रोजच्यासारख्या त्या पायऱ्या उतरायला लागल्या आणि काट्यांपाशी थांबल्या. आम्हीही मागोमाग उतरलो.

"जुगल," त्या म्हणाल्या, "हे बाजूला कर बेटा. जिवाणी सोडायची."

जुगलकिशोरचा चेहरा पाहूनच मला कळलं की संमती आणताना काहीतरी राहून गेलं होतं.

जिवाणी काय ते मला त्या सकाळी समजलं. जैनांच्या घरी पाणी गाळल्यावर फडक्यात जे जीव अडकतात ते फेकत नाहीत. फडकं उलटं करून, वरून गाळलेलं पाणी ओतून ते एका भांड्यात उतरवतात आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडतात. तेही वरून टाकून नाही. तसं टाकलं तर मार लागून मरतात. पाण्यापर्यंत जायचं, भांडं पाण्याला टेकवायचं आणि हलकेच कलतं करायचं. माजी लग्न होऊन या गावात आल्यापासून हे रोज करत होत्या. म्हणजे आम्ही ज्या जिवांपासून गावाला वाचवत होतो त्यांना माजी रोज सकाळी घरी पोचवत होत्या.

"तू सांगितलं नाहीस?" मी जुगलकिशोरला हळूच विचारलं.

"मी बापूंना विचारलं. माजींना बापू सांगतील असं वाटलं. बापू तर काल जालन्याला गेल्ते."

"बाजूला कर," माजी पुन्हा म्हणाल्या.

काकासाहेब काट्यांकडे वाकलेच होते. तेवढ्यात वरून झुंबरबाईचा आवाज आला. "काढा, काढा! शेठाणीला वाट करा. मंग आमी बी उतरतो मागून. सारखा नियम हाय न्हवं?"

तिच्या मागे सगळ्या घागरी हलल्या. काकासाहेब तसेच वाकलेले राहिले. फांदी धरावी तर नियम जातो, सोडावी तर माजी.

"मी नेऊन सोडतो माजी," ते म्हणाले. "मी अध्यक्ष आहे."

"अध्यक्षाचे पाय काय पाण्याला लागत न्हाईत का?" झुंबरबाईनं विचारलं.

माजींनी वर बायकांकडे पाहिलं, काट्यांकडे पाहिलं. भांडण त्यांना कधीच आवडायचं नाही. लोटी पदराखाली धरून त्या वळल्या आणि जाता जाता शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. हे घरी जातील तेव्हा मी पाणी घेईन. तवर न्हाई."

चैत्र लागलेला होता. सकाळीच दगड तापायला सुरुवात झाली होती. माजींचं वय सत्तरीच्या पुढे, आणि सूर्य मावळल्यावर त्या पाण्याचा थेंब घेत नसत. म्हणजे दिवस मावळायच्या आत जिवाणी बारवेत गेली नाही तर दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना पाणी नाही. आणि काटे न काढता जिवाणी पाण्यापर्यंत कशी न्यायची हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

आम्ही खराटे घेऊन बाजारतळावर गेलो.

"काटे काढू," जुगलकिशोर म्हणाला. "माझी आजी आहे रे."

"काढले की पुन्हा बसणार न्हाईत," काकासाहेब जोरात झाडत म्हणाले. "अन् हा पैलवान पुढच्या साली पुन्हा लंगडणार."

रखमाजी खाली मान घालून झाडत होता. "मी लंगडतो," तो म्हणाला. "लंगडायची सवय हाय मला. माजींना तहानेची न्हाई."

हे बोलणं ऐकून कोणालाच पुढे झाडवेना.

मी म्हणालो, माजींशी आपण नीट बोललोच नाही. त्यांना सगळं समजावून सांगू. काकासाहेबांनी मला बजावलं, "एकच सांगतो मच्छिंद्र. नारू ह्या जिवांमुळं होतो हे बिलकुल बोलू नको. त्यांना वाटंल आपण ते मारायला निघालो."

आम्ही चौघं गेलो तेव्हा माजी ओसरीवर बसल्या होत्या. लोटी त्यांनी रांजणाच्या सावलीत ठेवली होती. ओठ कोरडे झाले होते, पण आवाज तसाच.

"बस मच्छिंदर. ताक घे."

माझ्या खिशात हैदराबादेहून आणलेलं भिंग होतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी विचारलं, "माजी, ह्यातले जीव तुम्ही कधी पाहिलेत?"

"इतके बारीक कसे दिसणार? पांढरे ठिपके दिसतात कधी."

लोटीतलं थोडं पाणी मी पांढऱ्या बशीत घेतलं, त्यावर भिंग धरलं आणि माजींना वाकायला सांगितलं. बराच वेळ त्यांनी भिंगावरून डोळा हलवला नाही.

"हा उड्या मारून राह्यला," त्या अखेर म्हणाल्या.

"तो तसाच चालतो. त्याला डोळाही एकच असतो, कपाळाच्या मध्ये."

"बिचारा. अन् ही? हिच्या दोन्ही कुशीला काय लटकलंय?"

"ती मादी आहे. त्या पिशव्यांत अंडी आहेत."

"गरवार आहे?" माजींनी झटकन पदर बशीवर सावलीला धरला. "अन् तू हिला उन्हात घेऊन बसला!"

मी बशी सावलीत सरकवली. माजी पुन्हा भिंगातून पाहू लागल्या. मला वाटलं, त्या आता मऊ झाल्या. मी म्हणालो, "लोटी दोराला बांधून हळूच सोडली आणि खाली गेल्यावर झटका दिला, तर चालेल का?"

"झटका?" माजींनी मान वर केली. "सकाळी विचारलं असतंस तर कदाचित हो म्हणाले असते. पन्नास वर्षं पोचवून राह्यले, पण भेट आज झाली. आता गरवार बाईला झटका देऊ?"

जुगलकिशोरनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंग खिशात घातलं.

आता काही लपवण्यात अर्थ नव्हता. आणि अर्धवट सांगितलेली गोष्ट मला रात्रभर टोचते. मी काकासाहेबांकडे न बघता सगळं सांगून टाकलं. रखमाजीच्या पायातला किडा, पाण्यात सुटणारी पिल्लं, ती गिळणारे हे जीव, आणि तेच पाणी पिणारी माणसं.

"म्हंजे ह्यांच्यामुळं नारू होतो," माजी सावकाश म्हणाल्या.

काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"न्हाई," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मलाही ते नीट उमगलं. "हे जन्मतात तेव्हा ह्यांच्यात काहीच नसतं. माणसाचा पाय पाण्यात पडतो तेव्हा नारूचं पिल्लू ह्यांच्या आत जातं. ते ह्यांचं अंग पोखरतं. फार झालं तर हे मरतातसुद्धा."

माजींनी बशीकडे पाहिलं, मग अंगणात उभ्या असलेल्या रखमाजीच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे. इतका मोठा पैलवान, पण त्यानं तो पाय दुसऱ्या पायामागे नेला.

"रोग माणसाचा," माजी म्हणाल्या, "अन् भोगायचं ह्यांनी? अन् हे पन्नास वर्षं कोणी मला सांगितलं न्हाई?" त्या उठून उभ्या राहिल्या. "काटे राहू द्या. वरच्या पायरीवर बी लावा. कोणाचा पाय पाण्याला लागता कामा न्हाई. माझाही न्हाई."

"मंग जिवाणी?" जुगलकिशोरनं विचारलं.

"ती जाणारच. मार न लागता, अन् दिवस मावळायच्या आत. कशी, ते तुमच्या मंडळानं बघावं. तुम्ही सेवा करता ना?"

आता मंडळाला एक शास्त्रीय प्रश्न मिळाला होता: भांडं वरून सोडायचं, पण ते कलायला हवं फक्त पाण्याला टेकल्यावर. मी अंगणात काडीनं रेघा ओढल्या. भांड्याला दोन दोर बांधायचे. जाड दोर कडीला, बारीक दोर बुडाला. जाड दोरानं खाली सोडायचं. पाण्याला टेकलं की तो ढिला करायचा आणि बारीक दोर ओढायचा. बूड वर येईल, तोंड पाण्यात जाईल, आतलं सगळं अलगद बाहेर. लोटीला कडी नव्हती, म्हणून शेठांच्या घरातला छोटा पोहरा घेतला. बशीतलं पाणी माजींनी अलगद लोटीत परत उतरवलं.

बारवेवर आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव जमलेलं होतं. परवानगी कोणाकडेच नव्हती, आणि कोणाच्या हातात खराटाही नव्हता.

पहिला प्रयोग साध्या पाण्यावर करू, असं मी म्हणालो.

"गाळलेलं घ्या," माजी म्हणाल्या. "न गाळलेल्या पाण्यात पण जीव असतात. ते काय तुमच्या शिकायला आहेत?"

म्हणून पाणी ओढलं, गाळलं, आणि त्या गाळण्यातून अजून एक जिवाणी तयार झाली. प्रयोग व्हायच्या आधीच सोडायच्या लोट्या दोन झाल्या.

रखमाजीनं दोन्ही दोर धरून पोहरा सोडला. अर्ध्यावर गेल्यावर पोहरा भोवऱ्यासारखा फिरायला लागला, दोन्ही दोरांना पीळ बसला. रखमाजीनं पीळ सोडवायला बारीक दोर जरासा ओढला आणि पोहरा हवेतच उलटला. खालून थप्प असा आवाज आला.

"गेले!" झुंबरबाई ओरडली. "समदे वैकुंठाला गेले!"

"गाळलेलं होतं ते!" काकासाहेब ओरडले. "त्यात कोणीच न्हवतं!"

माजींनी मात्र डोळे घट्ट मिटले होते. त्या काठावरच्या दगडावर बसल्या. जुगलकिशोरनं त्यांच्यावर सावली धरली. सूर्य चिंचेच्या शेंड्याला आला होता.

चूक माझ्याच आकडेमोडीत होती. दोन्ही दोर एकाच हातात असले तर पीळ बसणारच. मी रखमाजीला जाड दोर घेऊन बारवेच्या एका काठावर उभं केलं आणि बारीक दोर समोरच्या काठावर नेला. आता दोर एकमेकांपासून लांब होते. पुन्हा गाळलेल्या पाण्यावर करून पाहिलं. पोहरा सरळ खाली गेला, टेकला, कलला, आवाज झाला नाही. लोकांतून "वा!" असं आलं. झुंबरबाईच्या तोंडूनही निघालं, पण तिनं लगेच खोकून घेतलं.

"आता खरी जिवाणी," मी म्हणालो.

"पोचले, हे कसं कळणार?" माजींनी विचारलं.

प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणालो, "तिथलंच पाणी वर काढू, गाळू आणि भिंगातून बघू. जिवंत दिसले तर पोचले."

"वर येतील ते हेच असतील का? का दुसरेच?"

"ते सांगता यायचं न्हाई."

"अन् ते बी परत सोडायला लागतील."

"हो."

"मंग ते पोचले का, बघायला परत पाणी काढायचं?"

मी विचार केला. कितीही विचार केला तरी ह्याला शेवट दिसेना. जमलेलं अख्खं गाव माझ्याकडे पाहत होतं. सूर्य चिंचेच्या खाली उतरला.

"मच्छिंद्र," काकासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "तुझं शास्त्र सिद्ध व्हायच्या आत माजी जातील."

मी माजींसमोर जाऊन बसलो. "माजी, आजवर तुम्ही पायरीवर बसून सोडत होतात. तेव्हा पोचले, हे तुम्हाला कसं कळायचं?"

"कसं म्हंजे?" त्यांनी उजवा हात पुढे केला, पंजा जरासा वाकवला. "हाताला कळायचं. पाणी वजन घेतं ना. लोटी एकदम हलकी होते. मंग सोडायची."

मी उठलो आणि रखमाजीच्या हातातला जाड दोर घेऊन त्यांच्या हातात दिला. रखमाजीनं मागे दोराचं टोक धरलं, माजींच्या हातून निसटलाच तर म्हणून. बारीक दोर समोर काकासाहेबांनी घेतला.

पोहऱ्यात दोन्ही लोट्यांची जिवाणी ओतली. माजी काठावर मांडी घालून बसल्या आणि दोर बोटांतून सोडू लागल्या. इतक्या सावकाश, की पोहरा उतरतोय की नुसताच लटकतोय ते कळेना. झुंबरबाईच्या कडेवरच्या नातीनं काहीतरी विचारलं, तर तिनं नातीच्या तोंडावर हात ठेवला.

"थांबा," माजी म्हणाल्या. कोणी काही करत नव्हतं, तरी सगळे थांबले. त्यांनी डोळे मिटले, दोर आणखी वीतभर सोडला. बोटं सैल झाली.

"घेतलं पाण्यानं," त्या म्हणाल्या. "ओढा. हळू."

काकासाहेबांनी ओढला. अध्यक्षांना इतकं हळू काही करताना गावानं पहिल्यांदा पाहिलं. पोहरा तोंड खाली करून वर आला, काठावरून दोन थेंब टपकले, आणि आत काही नव्हतं.

जुगलकिशोरनं ताबडतोब चाकावरून पाणी काढलं. माजींनी स्वतः फडकं दुहेरी करून लोट्यावर धरलं, पाणी गाळलं, सूर्याकडे एकदा पाहिलं आणि प्यायल्या. गाव उभं राहून पाहत होतं. "पिल्या!" झुंबरबाई ओरडली, जणू सकाळपासून ह्याच बाजूला होती.

माजींनी तोंड पुसलं, फडकं उलटं करून धुतलं आणि ते पाणी पोहऱ्यात उतरवलं. पोहरा रखमाजीपुढे धरला.

"हे तू पोचव. रोज तूच पोचवायचं. तुझ्या पायानं फार त्रास झाला त्यांना."

"मी?" रखमाजी म्हणाला. "माजी, माझा हात जड हाय."

"हलका होईल."

रखमाजी काठावर बसला. श्वास कोंडून, जीभ दातात धरून, कुस्तीत कधी लावलं नसेल इतकं लक्ष लावून दोर सोडू लागला. भोवती झुंबरबाई आणि चार-पाच बायका वाकल्या. "हळू रं! पैलवानकी दाखवू नको!" "अजून खाली!" "झोका बसून राह्यला, झोका!"

माजींनी रिकामा लोटा जुगलकिशोरपुढे केला.

"अजून एक," त्या म्हणाल्या. "दिवसभराची तहान आहे."

जुगलकिशोरनं चाकाकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं, आणि हाक दिली, "रखमाजी, उठू नको. अजून येऊन राह्यले!"